वेड्याची साक्ष

१९२० सालच्या आरंभी बर्लिन शहराच्या भिंतींवर एक चमत्कारिक जाहिरात झळकू लागली. ‘तुला कॅलिगरी झालेच पाहिजे,’ अशी आज्ञा तीत होती. हा कॅलिगरी कोण, आणि आपण तो व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा त्या ओळीवरून काहीच उलगडा होत नसे. उलगडा झाला तो २६ फेब्रुवारीला. त्या दिवशी बर्लिनच्या मार्मोरहाउस चित्रगृहात ‘डॉक्टर कॅलिगरीचे कॅबिनेट’ नावाचा सहा अंकी मूकपट प्रथम दाखवण्यात आला. कॅबिनेट म्हणजे जत्रेतला नवलाईचा तंबू, आणि त्या तंबूतली पेटीही. दोन्ही अर्थ येथे घ्यावयाचे. दिग्दर्शक होता रॉबर्ट व्हीने. कथा लिहिली होती कार्ल मायर आणि हान्स यानोव्हित्स या दोन तरुणांनी.

या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्या काळचे शेकडो मूकपट डब्यातच कुजून गेले, कित्येकांची नावेही उरली नाहीत. हा सव्वा तासाचा विचित्र चित्रपट मात्र अजून पाहिला जातो, आणि एकदा पाहणारा तो पुन्हा पाहतो. कोड्याचे उत्तर कळले की कोड्यातली गंमत संपते, हा आपला नेहमीचा अनुभव. रहस्यकथेतला खुनी कोण हे कळल्यावर ते पुस्तक मुकाट्याने वाचनालयात परत जाते. येथे मात्र उत्तर हाती आल्यावर कोड्याला खरी सुरुवात होते. असे का व्हावे, हे सांगायचे तर शेवट आधी फोडावा लागेल. त्याला इलाज नाही. तथापि शेवट कळल्याने रसभंग व्हावा अशा जातीचे हे चित्र नव्हे, हे वाचकांना लवकरच पटेल.

प्रथम काळ ध्यानात घेऊ. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला होता. १९१८ च्या नोव्हेंबरात कैसर गादी सोडून हॉलंडात निघून गेला. १९१९ च्या जानेवारीत खुद्द बर्लिनच्या रस्त्यांत गोळीबार चालला होता. आणि हा चित्रपट झळकल्यावर सोळाच दिवसांनी, १३ मार्चला, बंडखोर पलटणी राजधानीत शिरल्या आणि सरकारला पळ काढावा लागला. वरून हुकूम यावा आणि खालच्याने डोळे मिटून मारावे व मरावे, असा चार वर्षांचा अनुभव गाठीशी बांधून बसलेला तो प्रेक्षक होता. त्याच्यापुढे जी कथा आली ती अशी:

एका बागेत बाकावर दोन पुरुष बसले आहेत, एक म्हातारा आणि एक तरुण. तरुणाचे नाव फ्रान्सिस. पांढऱ्या वस्त्रांतली एक स्त्री शून्यात पाहत त्यांच्यासमोरून निघून जाते. ही आपली वाग्दत्त वधू, असे फ्रान्सिस सांगतो, आणि आपल्यावर ओढवलेला प्रसंग कथन करू लागतो. होल्स्टेनवॉल नावाच्या गावी जत्रा भरते. तेथे डॉक्टर कॅलिगरी नावाचा उंच टोपीचा, जाड चष्म्याचा एक म्हातारा येतो. त्याच्या पेटीत सीझर नावाचा तेवीस वर्षांचा तरुण आहे. हा सीझर जन्मापासून झोपलेला. मालकाच्या हुकमानेच तेवढे डोळे उघडतो आणि विचारील त्याला भविष्य सांगतो. फ्रान्सिसचा मित्र ॲलन थट्टेने विचारतो, की मी किती दिवस जगेन? उत्तर येते: पहाटेपर्यंत. पहाटे ॲलनचा खून होतो. त्याआधी, जत्रेचा परवाना मागायला आलेल्या कॅलिगरीला तिष्ठत ठेवून ज्याने हिडीसफिडीस केले, त्या कचेरीतल्या चिटणीसाचाही असाच मुडदा पडलेला असतो.

पुढे सीझर फ्रान्सिसच्या प्रियेवर, जेनवर, सुरा उगारतो. पण तिचे रूप पाहून त्याचा हात थबकतो, आणि तो तिला उचलून घरांच्या छपरांवरून पळत सुटतो. लोक पाठलाग करतात. अखेर तिला टाकून तो कोसळतो व मरतो. कॅलिगरी पळून वेड्यांच्या इस्पितळात शिरतो. फ्रान्सिस त्याच्या मागोमाग तेथे जातो आणि या नावाचा कोणी रोगी येथे आहे काय, अशी चौकशी करतो. त्याला थोरल्या डॉक्टरांकडे नेतात. पाहतो तो काय, इस्पितळाचा प्रमुखच कॅलिगरी! त्याच्या कपाटात एक जुना ग्रंथ सापडतो. अठराव्या शतकात कॅलिगरी नावाच्या एका मांत्रिकाने झोपेत चालणाऱ्या माणसाकडून खून करवले होते, अशी हकीकत त्यात असते. ती वाचूनच या विद्वानाला तसे होण्याचे वेड लागलेले. त्याला बाह्या बांधलेला अंगरखा घालून कोठडीत टाकतात. सत्याचा जय झाला असे वाटून प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो.

आणि मग चित्र पुन्हा त्या बाकावर येते. दोघेही उठून आत चालू लागतात, तो ती बाग म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचेच आवार निघते. आत जेन आहे. ती स्वतःला राणी समजते आणि फ्रान्सिसला ओळखतही नाही. सीझर जिवंत आहे आणि हातात फुले घेऊन कुरवाळीत उभा आहे. जिन्यावरून प्रमुख डॉक्टर खाली येतात. फ्रान्सिस ‘हाच तो’ म्हणून त्यांच्या अंगावर धावतो, त्याला बांधून कोठडीत नेतात. डॉक्टर त्याला तपासतात आणि शांतपणे म्हणतात, की याच्या वेडाचे मूळ आता कळले. हा मला तो मांत्रिक समजतो. आता याला बरे करता येईल. त्यांच्या चेहऱ्याभोवती काळे वर्तुळ मिटत जाते आणि चित्रपट संपतो.

पहिल्या खेपेला आपण येथे थक्क होतो. पायाखालची फळी कोणी काढून घ्यावी तसे होते. दुसऱ्या खेपेला मात्र आपण फ्रान्सिसच्या डोळ्यांनी पाहत नाही, फ्रान्सिसकडे पाहतो. मग आरंभापासूनच निराळ्या गोष्टी दिसू लागतात. ती पांढऱ्या वस्त्रांतली स्त्री त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती, हे पहिल्या वेळी ध्यानातच आलेले नसते. वाग्दत्त वधू हा शब्द आपण केवळ त्याच्या तोंडून ऐकून खरा मानला होता.

आणखी एक. कोर्टात साक्षीदाराला विचारतात तसे फ्रान्सिसला विचारून पाहावे: बाबा रे, तू सांगतोस त्यातले तुझ्या डोळ्यांदेखत किती घडले? चिटणीसाने कॅलिगरीचा अपमान केला तेव्हा तू तेथे नव्हतास. जेनच्या शयनगृहात सीझर शिरला तेव्हा तू कॅलिगरीच्या गाडीवर पाळत ठेवून होतास. ॲलनचे शेवटचे क्षण तर मरणारा आणि मारणारा यांच्याखेरीज कोणीच पाहिले नाहीत. पडद्यावरदेखील खून दिसत नाही, भिंतीवर झटापटीच्या सावल्या तेवढ्या दिसतात. तरी ते सारे त्याने पाहिल्यासारखे सांगितले आणि आम्ही ऐकले. मी कथा-कादंबऱ्या लिहितो, तेव्हा निवेदकाला ही मुभा आपणच देतो हे मला ठाऊक आहे. पण ज्याची साक्ष म्हणून गोष्ट ऐकायची, त्याला ही मुभा कशी द्यावी?

शेवटच्या प्रवेशात गोष्टीतली बहुतेक माणसे त्या आवारात हिंडताना दिसतात. ॲलन तेवढा कोठेच दिसत नाही. तो खरोखरच मेला काय? मेला असेल तर कोणी मारला? दोघे मित्र एकाच मुलीवर प्रेम करीत होते, हे फ्रान्सिसनेच मघा सांगितलेले असते. चित्रपट याचे उत्तर देत नाही. प्रश्न मात्र दुसऱ्या वेळेसच सुचतो.

तिसऱ्या खेपेला नजर नेपथ्याकडे जाते. हेरमान वार्म, वॉल्टर राइमान आणि वॉल्टर र्‍योरिग या तिघा चित्रकारांनी कापडावर व पुठ्ठ्यावर हे गाव रंगवले. घरे एकमेकांवर रेललेली, खिडक्या तिरक्या, रस्ते सुरीच्या पात्यासारखे निमुळते. उजेड आणि सावल्यादेखील जमिनीवर, भिंतींवर रंगाने काढलेल्या. कचेरीतला चिटणीस माणसाहून उंच स्टुलावर चढून बसतो. खालच्याला तुच्छ लेखणारा अंमलदार कसा असतो, हे त्या एका स्टुलाने सांगितले. त्याला संवाद लागला नाही. कैद्याच्या कोठडीच्या भिंतीवरचे काळे पट्टे भाल्यांसारखे खाली येऊन त्या माणसावर नेम धरतात. कॅलिगरीच्या पांढऱ्या हातमोज्यांवर काळ्या रेघा आहेत, आणि तशाच रेघा त्याच्या केसांतही.

पहिल्या वेळी हे सारे पाहून वाटते, की विचित्र आहे खरे, पण सुंदर आहे. शेवट कळल्यावर वाटते, की बरोबर. हे वेड्याच्या डोळ्यांना दिसणारे जग. बहुतेक प्रेक्षक येथे समाधान पावून थांबतात. परंतु आणखी एकदा नीट पाहावे. फ्रान्सिसची गोष्ट संपली, आपण खऱ्या जगात आलो. तरी इस्पितळाचे आवार तसेच वाकडे आहे. फरशीवर मध्यापासून फाकलेले तेच पट्टे आहेत, जे गोष्टीतल्या इस्पितळात होते. कॅलिगरीला कोंडले ती कोठडी आणि फ्रान्सिसला कोंडले ती कोठडी एकच. वाकडेपण जर फ्रान्सिसच्या डोक्यात होते, तर त्याची गोष्ट थांबल्यावर भिंती सरळ का झाल्या नाहीत? आणि मग त्या डॉक्टरांचे शेवटचे वाक्य कानाला निराळे लागते. याला कसे बरे करायचे ते मला कळले, असे ते म्हणतात. कसे, ते सांगत नाहीत. हा दिलासा समजावा की धाक?

हा प्रश्न लोकांना किती बोचला याची एक गमतीची साक्ष अमेरिकेत मिळते. १९२१ च्या एप्रिलात न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरात हा चित्रपट लागला, तेव्हा चालकांनी त्याच्या मागेपुढे रंगमंचावर जिवंत नटांचे प्रवेश जोडले. शेवटच्या प्रवेशात प्रेक्षकांना सांगण्यात येई, की फ्रान्सिस आता पुरता बरा होऊन सुखाने संसार करीत आहे. शंका घेऊन घरी जाणे कोणालाच नको असते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लुई देल्यूक या टीकाकाराच्या खटपटीने तो दाखवला गेला. फ्रेंचांना त्याचे एवढे वेड लागले की त्यांच्या भाषेत ‘कॅलिगरिझम’ असा एक शब्दच रूढ झाला.

येथवर झाले ते पडद्यावरचे. आता पडद्यामागचा इतिहास पाहू. त्या इतिहासालाही अशीच एक चौकट आहे, आणि तोही एकदा वाचून भागत नाही.

१९४७ साली अमेरिकेत ‘फ्रॉम कॅलिगरी टू हिटलर’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक सीगफ्रीड क्राकाउअर. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडून निघालेला हा पत्रकार व चित्रपट-समीक्षक. हिटलरच्या आधीच्या जर्मन चित्रपटांत त्या राष्ट्राच्या मनाचा आजार दिसत होता, असा त्याचा सिद्धान्त. आणि त्या सिद्धान्ताचा पाया कॅलिगरी. त्याने सांगितलेली हकीकत अशी: मायर आणि यानोव्हित्स यांनी युद्धाच्या संतापातून मूळ कथा लिहिली. तीत सत्ताधारी हाच वेडा आणि खुनी होता, आणि त्याला उघडे पाडणारा तरुण शहाणा. बाकावरची आणि इस्पितळातली चौकट दिग्दर्शकाने लेखकांचा विरोध मोडून बाहेरून लादली, आणि सगळेच उलटे झाले. बंडखोर वेडा ठरला, सत्ता दयाळू ठरली. हुकूमशहापुढे मान तुकवण्याची ही पूर्वतयारीच होती, असे क्राकाउअरचे म्हणणे.

हकीकत मनाला इतकी पटते की अनेक वर्षे तीच इतिहास म्हणून सांगितली गेली. पण ती क्राकाउअरला कळली कोठून? मुख्यतः हान्स यानोव्हित्सने लिहून ठेवलेल्या एका टिपणातून. त्या वेळेपर्यंत व्हीने १९३८ साली पॅरिसमध्ये वारला होता, आणि मायर १९४४ साली लंडनमध्ये. दोन लेखक आणि एक दिग्दर्शक या तिघांपैकी यानोव्हित्स एकटाच हयात होता. म्हणजे येथेही एक माणूस बाकावर बसून गोष्ट सांगत होता, आणि खोडून काढायला दुसरे कोणी नव्हते.

मूळ पटकथेची एक प्रत मात्र शिल्लक होती. ती कॅलिगरीचे काम करणाऱ्या व्हेर्नर क्राऊस या नटापाशी होती. क्राऊस १९५९ साली मरण पावला. पुढे ती प्रत बर्लिनच्या चित्रपट-संग्रहालयाच्या हाती आली, आणि १९९५ साली छापून प्रसिद्ध झाली. अभ्यासकांनी पाहिले तो काय! लेखकांच्या स्वतःच्या हस्तलिखितातही आरंभी चौकट आहेच. त्यात फ्रान्सिस आणि जेन यांचे लग्न झालेले आहे, आणि वर्षांनंतर आपल्या घराच्या गच्चीवर पाहुण्यांना फ्रान्सिस ही जुनी हकीकत सांगतो. त्या चौकटीत वेड्यांचे इस्पितळ नाही, हे खरे. तेव्हा यानोव्हित्सचे म्हणणे सर्वस्वी खोटे ठरत नाही. पण चौकट म्हणून काही नव्हतेच आणि ती परक्याने आणून डकवली, ही गोष्ट टिकत नाही. इस्पितळाची कल्पना आपली, असे सांगणाराही पुढे आणखी एक निघाला: आरंभी ज्याने हा चित्रपट दिग्दर्शित करावयाचा होता, तो फ्रिट्झ लांग.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला, तो बखरीवर विसंबून न राहता अस्सल कागद पाहावेत, याच हट्टाने. बखरकार लबाड असतो असे नव्हे. पुष्कळदा तो प्रामाणिकपणे आपले दुःख आणि आपला अभिमान सांगत असतो. मात्र वर्षे गेलेली असतात आणि गोष्टीला आकार आलेला असतो. यानोव्हित्सचे टिपण ही कॅलिगरीची बखर, आणि क्राऊसजवळची प्रत हा अस्सल कागद. कागद सापडल्यावर बखर टाकून द्यावयाची नसते. ती पुन्हा वाचावयाची असते, कोण सांगतो आहे आणि का सांगतो आहे, याकडे लक्ष ठेवून.

या चित्रातल्या माणसांचे पुढे काय झाले, हे समजल्यावर तर तेच चेहरे निराळे दिसू लागतात. सीझर झालेला कॉनराड फाइट १९३३ साली जर्मनीबाहेर पडला. हॉलिवुडच्या १९४२ च्या ‘कासाब्लांका’ या प्रसिद्ध बोलपटात त्याला जे काम मिळाले ते नाझी मेजरचे. आणि ॲलन झालेला फॉन ट्वार्डोव्हस्की हाही त्याच बोलपटात जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेशात दिसतो. ज्या राजवटीला टाळून ही माणसे दूर गेली, तिचाच पोशाख चढवून त्यांना पोट भरावे लागले. फाइट १९४३ साली लॉस एंजेलिसमध्ये वारला. उलट कॅलिगरी झालेला क्राऊस जर्मनीतच राहिला, आणि १९४० साली ‘ज्यू झ्यूस’ या ज्यूद्वेष पसरवणाऱ्या सरकारी प्रचारपटात त्याने एकट्याने अनेक ज्यू पात्रे विद्रूप करून रंगवली. हे कळल्यानंतर तंबूतला तो प्रवेश पाहावा: पेटी उघडते, मालक छडी रोखतो, आणि झोपलेला सावकाश डोळे उघडतो. १९२० च्या प्रेक्षकाने त्यात जत्रेतला खेळ पाहिला असेल. आपल्याला त्यात पुढची पंचवीस वर्षे दिसतात. चित्र बदललेले नाही. आपल्या माहितीत भर पडली आहे.

आपल्याकडेही या मालक-गुलामाच्या जोडीची एक दूरची भावंडे आहेत. १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीत गेले होते. परत आल्यावर पुण्याच्या नव्या ‘प्रभात’मध्ये त्यांनी १९३४ साली ‘अमृतमंथन’ काढला. जर्मन चित्रपटांतल्या छायाप्रकाशाचा संस्कार त्यावर स्पष्ट आहे. त्यातला राजगुरू, मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन, स्वतः शस्त्र धरीत नाही. शपथेने बांधलेल्या भक्ताच्या हातून राजाचा वध करवतो. पडदाभर पसरलेला त्या राजगुरूचा डोळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कॅलिगरीचा डोळा परका वाटणार नाही. यात उसनवारी शोधू नये. दुसऱ्याच्या हाताने मारणारा म्हातारा कोणत्याही देशात आणि कोणत्याही वेषात जन्म घेऊ शकतो, एवढे ध्यानात घ्यावे.

बरीच वर्षे हा चित्रपट झिजलेल्या, धुरकट प्रतींतूनच पाहावा लागे. २०१४ साली जर्मनीच्या मुर्नाऊ प्रतिष्ठानने त्याचा जीर्णोद्धार केला. मूळ कॅमेऱ्यातली निगेटिव्ह शिल्लक होती, तीत पहिला अंक तेवढा नव्हता. तो इतर जुन्या प्रतींतून घेतला, आणि रात्रीचा निळा, दिवसाचा पिवळसर असे मूकपटाच्या काळचे रंग पुन्हा चढवले. आता कापडावरचे कुंचल्याचे फटकारेही दिसतात. हा चित्रपट घरबसल्या मिळतो, रक्ताचा थेंबही त्यात दिसत नाही, आणि जाणत्या मुलांना बरोबर घेऊन बसण्यास हरकत नाही. दिवाळीच्या सुटीत एका संध्याकाळी पाहावा, आणि भाऊबीज आटोपली की पुन्हा एकदा पाहावा. मधल्या दिवसांत घरात वाद होतील: वेडा कोण, फ्रान्सिस की डॉक्टर? होऊ द्यावेत. मुलांना इतिहास शिकवताना मला जी गोष्ट तासन् तास बोलून पटवता येत नाही, ती या वादात आपोआप पटते. सांगणारा ठामपणे सांगतो म्हणून ते खरे होत नाही, आणि त्याला वेडा ठरवणारा खुर्चीवर बसला आहे म्हणून तोही खरा होत नाही. दोघांनाही पुन्हा विचारावे लागते.

पुन्हा पाहताना एका माणसाकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे. पहिल्या वेळी त्याच्याकडे कोणीच पाहत नाही. तो बाकावरचा म्हातारा. त्याने सारी गोष्ट ऐकली, एकही प्रश्न विचारला नाही. चित्र सुरू होताच तो स्वतः काही बोलतो: आपल्या भोवती भुते आहेत, त्यांनी आपल्याला घरादारातून आणि बायकामुलांतून हुसकून लावले, असे काहीसे. आपण ते कानाआड करतो, कारण आपल्याला गोष्ट ऐकायची घाई असते. इस्पितळाच्या आवारात बसलेला तो कोण होता, हे दुसऱ्या वेळी कळते. आणि पहिल्या वेळी आपण त्याच्याच शेजारी बसलो होतो, हेही.